पूल पुढच्या प्रोजेक्टला

सतरा वर्षं! लग्नाला सतरा वर्षं झाली आणि तुम्हाला सांगते, या सतरा वर्षांत मी थिएटरात एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही! हसू नका, खरं सांगतेय. खून कुणी केला ते मला माहीत नाही, दोघांचं जमलं की फिसकटलं ते माहीत नाही, कारण शेवटची दहा मिनिटं राहिली की अंधारात आमच्या ह्यांचं कोपर माझ्या बरगडीत... 'चल, ऊठ.' 'अहो, पण तो आत्ता पिस्तूल काढतोय!' 'काढू दे. आपल्याला दारापाशी उभं राहायचंय.' का? तर सिनेमा सुटल्यावर माणसं जिना कशी उतरतात ते बघायला! एका हातात वही, एका हातात घड्याळ, आणि तोंडानं पुटपुट, 'आजोबांनी कठडा सोडला... पिशवीवाली बाई थांबली... मागे सात जण अडकले...' आणि लोक आपले बघतायत, हा गृहस्थ कुणावर पाळत ठेवून उभाय! आणि शेजारी मी, गणिताची शिक्षिका, तोंड लपवायला जागा शोधत. माझेच विद्यार्थी समोरून उतरत असतात हो!

आता तुम्ही म्हणाल, यांचा धंदा काय? सांगते ना. आमचे हे इंजिनिअर. एका मोठ्या डिझाइन कंपनीत, अशी की जिची ऑफिसं पाच देशांत, आणि जी स्वतः एक वीटही रचत नाही, नुसती ड्रॉइंगं काढून देते, बांधणारे दुसरेच. बरं, हे तिथं गेले कशासाठी? पुलासाठी! माणूस पुलानं झपाटलेला. लग्नाआधी आम्ही पहिल्यांदा भेटलो, तर दुसरे लोक आवडीनिवडी विचारतात, स्वयंपाक येतो का विचारतात, यांनी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पूल काढला! म्हणाले, 'बघा, हा एक किनारा, हा दुसरा, मधे काहीच नाही. आणि मग एक दिवस मधे काहीतरी असतं.' एवढंच बोलले आणि लाजून चहा प्यायले. आणि मी, मूर्ख, तेवढ्यावर भाळले! मला काय माहीत, त्या 'मधे' जिना निघणार आहे?

झालं असं की, नोकरीत पहिल्याच महिन्यात कुठल्याशा परदेशी विमानतळाचं काम आलं. साहेब म्हणाले (आमचे साहेब बोलताना पेन असं टकटक करतात), 'हे बघ... टक... पूल विभागात तुला घालायचाच आहे... टक टक... पण तोवर या विमानतळाचा आपत्कालीन जिना तेवढा करून टाक. दोन आठवड्यांचं काम. पूल पुढच्या प्रोजेक्टला. नक्की!'

दोन आठवडे! दुसऱ्या कुणी दोन दिवसांत उरकला असता. पायऱ्या, कठडा, संपला विषय. पण हे पडले मनापासून काम करणारे. हा असला स्वभाव नोकरीत फार वाईट, तुम्हाला सांगते. हे जाऊन बस डेपोच्या पायऱ्यांवर बसले चार दिवस. म्हातारी माणसं आधी कुठला पाय टाकतात, कडेवर मूल असलं की बाई कठडा कुठल्या हातानं धरते, घाबरलेला माणूस पायरीकडे बघतो की पुढच्याच्या पाठीकडे... सगळं टिपून अठ्ठ्याऐंशी पानांचा अहवाल केला. एका जिन्याचा! तो अहवाल पाची देशांत फिरला आणि पाची देशांतून विचारणा आली, 'हा जिनेवाला कोण?'

संपलं! शिक्का बसला! हॉस्पिटल आलं... जिना ह्यांना द्या. स्टेडियम आलं... जिने ह्यांना द्या, बत्तीस आहेत. सत्तर मजल्यांचा टॉवर आला... विचारायचं काम नाही. आणि दर वेळी साहेबांचं पेन, टक टक, 'एवढा एकच. पूल पुढच्या प्रोजेक्टला. नक्की!'

बरं, जिना म्हणजे तो नव्हे हं, दर्शनी, संगमरवरी, ज्यावर उभं राहून लोक फोटो काढतात. तो दुसऱ्यांकडे. ह्यांचा म्हणजे ती हिरवी पाटी असते ना, पळणाऱ्या माणसाची? तिच्याखालचं करडं दार. त्या दाराच्या आतला! जो कुणी बघत नाही, कुणी चढत नाही, आणि ज्याचा उपयोग कधीच होऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा! असलं करिअर ऐकलंयत कुठं? एकदा परदेशात विमान बदलायला उतरलो तर हे एकदम हळवे झाले. 'हा तोच विमानतळ. माझा पहिला.' मी म्हटलं, दाखवा की! आमची लेक तेव्हा पाच वर्षांची, तिला कडेवर घेऊन आम्ही अर्धा तास चाललो, दुकानं मागे पडली, माणसं मागे पडली, आणि एका करड्या दारासमोर हे थांबले. हात पुसले. म्हणाले, 'हे माझं.' मी म्हटलं, 'वा! उघडा ना.' म्हणाले, 'छे छे, उघडलं तर भोंगा वाजतो.' तर आमच्याकडे त्या दाराचा फोटो आहे. फ्रेम करून. पाहुणे विचारतात, 'हे काय, बाथरूम का?'

आणि घरी काय सांगायचं? माझे थोरले दीर, भावाचा अभिमान त्यांना भारी, भेटेल त्याला सांगणार, 'आमचा धाकटा पूल बांधतो! परदेशात!' सासूबाई तर काय, टीव्हीवर कुठलाही पूल दिसला की चष्मा लावून विचारणार, 'हा तुझा का रे?' आणि हे... 'हा नाही, आई.' खोटं नाही हं बोलले कधी. हा नाही, तो नाही, पलीकडचाही नाही. पण कुठला, ते काही सांगायचे नाहीत. मग जेवताना मान खाली. मला दिसायचं ना ते. मी काय करणार? अजून थोडं वाढू का, विचारायची.

आता तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कंपनीनं स्वतःची इमारत बांधायला काढली. एकवीस मजले, आणि डिझाइन घरचंच. आर्किटेक्ट कोण, तर एक काळे कपडेवाले. बारा महिने काळे कपडे, बोलताना डोळे मिटणार, आणि काचेशिवाय दुसरी वस्तू मान्य नाही. आम्ही त्यांना घरात 'काचमहाराज' म्हणायचो. काचमहाराजांना खालच्या हॉलमध्ये धबधबा हवा होता. खरा, पाण्याचा! आणि त्याच्या पाइपांना वरपासून खालपर्यंत जागा. ती कुठून काढायची? जिन्यातून! रुंदीतून वीस सेंटिमीटर, आणि जिना वळतो तिथं ह्यांनी भिंतीत दमलेल्या माणसाला बसायला एक कोनाडा ठेवला होता, तो अख्खा.

मीटिंगमध्ये काचमहाराज डोळे मिटून म्हणाले, 'असं बघा... जागेनं श्वास घेतला पाहिजे.'

आणि आमचे हे म्हणाले, 'माणसांनीसुद्धा.'

आमचे हे! जे हॉटेलात चहा गार आला तर वेटरची माफी मागून पितात! आठ मीटिंगा झाल्या, तुम्हाला सांगते, आठ. आठव्या मीटिंगला हे चिकटपट्टी घेऊन गेले. जमिनीवर दोन रेघा मारल्या, काचमहाराजांच्या मापानं. म्हणाले, 'हिशेब विभागाचे प्रमुख इकडून उतरतील, साहेब तिकडून चढतील, आणि आपण मधे दमून बसाल.' आता ते प्रमुख म्हणजे देहानं भरभक्कम, साहेबही काही कमी नाहीत... दोघं मधोमध आले आणि बसलेल्या काचमहाराजांच्या डोक्यावर अडकले! पुढेही जाता येईना, मागेही सरता येईना, साहेबांच्या हातातलं पेन खाली पडलं ते वाकून उचलायचीही सोय नाही. वीस सेंटिमीटर परत मिळाले. कोनाडा परत मिळाला. पण काचमहाराजांनी सहा महिने बोलणं टाकलं आणि साहेब चिडले ते चिडलेच. 'तुला ना... टक... सगळ्यांना तोंडघशी पाडायची हौस आहे. पूल पुढच्या प्रोजेक्टला!' त्या वेळी 'नक्की'सुद्धा म्हणाले नाहीत.

आणि मग या वर्षी नशीब उघडलं! पूल विभागाच्या प्रमुख मॅडमनी स्वतः ह्यांचं नाव मागितलं. खाडीवरचा पूल, दीड किलोमीटर लांब! घोषणा कधी, तर ऑफिसच्या फॅमिली डेला, आणि ती करायला मुख्य ऑफिसातून सगळ्यात मोठे साहेब येणार, गोरेपान, उंच, आपल्या भाषेतलं एक अक्षर कळत नाही पण हसू तोंडभर. आमच्या घरी काय धांदल म्हणून सांगू! ह्यांनी नवीन शर्ट घेतला. लेकीनं पुलाचं चित्र काढलं. शहात्तर वर्षांच्या सासूबाई काठी घेऊन तयार, 'मी येणार. माझ्या मुलाचा पूल आहे.'

त्याच नव्या इमारतीचा एकोणिसावा मजला. मोठा हॉल, फुगे, खुर्च्या. मोठे साहेब माइकवर आले. पूलवाल्या मॅडम ह्यांच्याकडे बघून हसल्या. मी पदर सावरला. मोठे साहेब म्हणाले, 'आणि आता, आपल्या नव्या पुलासाठी मी ज्यांचं नाव...'

भोंगा!

अहो, असा भोंगा की फुगे हातातून सुटले! आधी सगळे हसले, वाटलं गंमत आहे. मग काचेतून खाली धूर दिसला. काळा. अकराव्या मजल्यावर विजेच्या पॅनेलच्या खोलीनं पेट घेतला होता, हे आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच कळलं की खालून धूर येतोय आणि आपण एकोणिसाव्या मजल्यावर आहोत, आणि मी एका हातानं लेक धरलीय आणि दुसऱ्या हातानं सासू. लोक धावले लिफ्टकडे.

आणि तेवढ्यात एक आवाज आला. 'लिफ्ट नाही!'

मी वळून बघितलं, कुणाचा म्हणून. ह्यांचा! त्या करड्या दारापाशी उभे, दार पाठीनं उघडं धरून, नवीन शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या. 'सगळे इकडे! उजवा कठडा धरायचा. एका पायरीवर दोघं. पळायचं नाही. डावी बाजू मोकळी, खालून अग्निशमनवाले चढतील. घाबरलात तर बोलत राहा, कुणाशीही, काहीही!' आणि लोकांनी ऐकलं हो! साहेबांनी ऐकलं! मी ह्यांना सतरा वर्षं भाजी आणायला सांगतेय तर चारदा विचारतात कुठली, आणि इथं सहाशे माणसं यांच्या बोटावर चालतायत!

जिन्यात धुराचा वास नाही. उजेड चांगला. माझ्या डोक्यात भीती बसू नये म्हणून मी पायऱ्या मोजायला लागले, मजल्याला बावीस. पुढे सासूबाई, एका हाताशी काठी, दुसऱ्या हाताला कोण, तर सगळ्यात मोठे साहेब! आणि ह्यांनी सांगितलं होतं ना, बोलत राहा? सासूबाई बोलतायत मराठीत, साहेब म्हणतायत 'यस, यस.' 'अहो, खाली बघून चाला.' 'यस.' 'एवढी उंची घेऊन काय करायचं, वाकायला येत नाही ते.' 'यस, यस.' सोळाव्या मजल्यापर्यंत त्यांनी साहेबांना चप्पल कशी निवडावी ते समजावलं!

पंधराव्यावर बघते तर कोनाड्यात एक बाई बसलेली, आठवा महिना, घामानं डबडबलेली, आणि तिच्या पुढ्यात गुडघे टेकून काळे कपडेवाले... काचमहाराज! त्यांची बायको. ती लांब श्वास घेत होती आणि शेजारून माणसांची रांग सरळ चालली होती, कुणाला थांबावं लागत नव्हतं. खालून अग्निशमनवाले आले, ते डाव्या बाजूनं वर निघून गेले, कुणाला धक्का नाही. हे दार दुसऱ्या कुणाच्या हाती देऊन मागून उतरत आले, वाकून तिला म्हणाले, 'घाई नाही. दम खा. जिना कुठं जात नाही.' काचमहाराजांनी कोनाड्याच्या भिंतीवर नुसता हात ठेवला आणि तसाच ठेवून बसले.

आणि तेराव्या मजल्यावर, तुम्हाला सांगते, त्या एवढ्या गर्दीत, सासूबाई थांबल्या. मागे वळून म्हणाल्या, 'काय रे, हे कुणी केलंय? पायरी अगदी पायाखाली येऊन बसते. भीतीच वाटत नाही.'

हे म्हणाले, 'मी, आई.'

'तू? तू तर पूल बांधतोस ना?'

'नाही, आई. मी जिने करतो. एकोणीस वर्षं झाली.'

भोंगा वाजतोय, मोठे साहेब 'यस, यस' म्हणतायत, आणि सासूबाईंनी मुलाकडे खालून वर असं बघून घेतलं. म्हणाल्या, 'मग सांगायचं नाही का? इतकी वर्षं मी लोकांचे पूल बघत बसले!' आणि काठी पुढं टाकून चालू लागल्या. हे तिथंच उभे. डोळे पुसले की घाम पुसला, देव जाणे. मी विचारलं नाही. माझ्या अजून दोनशे शहाऐंशी पायऱ्या मोजायच्या राहिल्या होत्या.

चारशे अठरा पायऱ्या! सहाशे चाळीस माणसं चोवीस मिनिटांत खाली. एकालाही खरचटलं नाही. हां, हिशेब विभागाच्या प्रमुखांचा पाय मुरगळला, पण तो बाहेर फूटपाथवर, आणि फूटपाथ ह्यांच्याकडे नव्हता! आग विझली, रात्र पडायच्या आत सगळे घरी. काचमहाराजांच्या बायकोला पुढच्या महिन्यात मुलगी झाली, दोघी छान आहेत.

इथं गोष्ट संपायला हवी होती की नाही? पण आमचं नशीब! तीन दिवसांनी फोन आला. मोठे साहेब आणि आमचे साहेब, दोघंही एकाच फोनवर. ह्यांनी स्पीकर लावला, मी भाजी चिरता चिरता ऐकतेय. बोलत होते आमचे साहेबच, पण आज चक्क अहो-जाहो करून! 'तुम्हाला शब्द दिला होता. पूल तुमचाच. अर्थात, पाची देशांच्या जिन्यांचं काम बघायलाही कुणीतरी हवंय, पण... टक... एकोणीस वर्षं थांबला आहात. तुम्ही म्हणाल तसं.'

मी सुरी खाली ठेवली. हात जोडले.

आणि हे म्हणाले, 'पूल पुढच्या प्रोजेक्टला. नक्की.'

अहो!! मी किंचाळलेच! साहेबांना ऐकू गेलं असणार. फोन ठेवल्यावर मी जी सुटले... 'सतरा वर्षं! सतरा वर्षं मी पूल पूल ऐकतेय! बिलावर पूल काढून मला फसवलंत! माझे सिनेमे गेले!' हे म्हणाले, 'अगं, पुलाला कुणीही मिळेल. पूल सगळ्यांनाच हवा असतो. जिना टाळायलाच बघतात सगळे.' मग म्हणाले, 'आणि मी इतके केले, पण त्यातून माणसं उतरताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.' माझं रडू बाहेर येणार, एवढ्यात म्हणाले, 'नवव्या मजल्यावर जरा गर्दी तुंबली होती, पाहिलंस ना? तिथं कठडा दोन सेंटिमीटर आत घ्यायला हवा.' आणि वही काढून बसले! माझं रडू तिथंच आटलं.

बरं, ह्यांचं एक समजू शकते. पण सासूबाई! त्या दिवसापासून लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत. लग्नाला जा, बाजारात जा, कुठंही जा, शिरल्या शिरल्या करडं दार शोधतात, काठीनं ठोकून बघतात आणि ओळख नसलेल्या माणसांना सांगतात, 'माझा मुलगा करतो हे. चढून बघा एकदा.' परवा त्यांची वर्षाची तपासणी होती. डॉक्टर सहाव्या मजल्यावर. मी म्हटलं, आई, आज लिफ्ट. म्हणाल्या, 'तू जा. मी येते जिन्यानं.' आता शहात्तर वर्षांच्या सासूला एकटीला सोडून सून लिफ्टनं गेली तर थोरले दीर काय म्हणतील? निघाले मागून. चौथ्या मजल्यावर माझा श्वास कुठं गेला मला माहीत नाही. सहाव्यावर पोचले तेव्हा सासूबाई काउंटरशी गप्पा मारत उभ्या होत्या, आणि ती काउंटरवरची मुलगी एकदा त्यांच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे बघते, घाईघाईनं खुर्ची पुढं करते आणि सासूबाईंना विचारते...

'आजी, यांना कधीपासून असं होतंय?'